राजापुरात काय मेलं बघायचं!

इटलीची सहल करून आलेला मराठी माणूस ओळखायला सोपा. पिसाच्या मनोऱ्याला तळहाताने टेकू दिल्याचा फोटो तो सगळ्या ग्रुपांवर आधीच टाकून मोकळा झालेला असतो. घरी आलेल्या पाहुण्याला मात्र तो डोंगरावरचं गाव दाखवतो. प्रत्येक टूरवाल्याच्या कार्यक्रमात असं एक गाव असतंच. टेकडीवर दगडी घरं, घरांमधून अरुंद चढ, चढाला पायऱ्या, पायरीवर मांजर. मग एकाच गल्लीचे चाळीस फोटो बघावे लागतात. गल्ली खालून, गल्ली वरून, गल्लीत बायको, गल्लीत टूरमधल्या जोशीकाकू, गल्ली नुसतीच. "हे सगळं बाराव्या शतकातलं बरं का," असं सांगताना तो हातातला चहाचा कप खाली ठेवतो, कारण बाराव्या शतकाबद्दल बोलायला दोन्ही हात मोकळे लागतात.

रत्नागिरीतल्या अशा बैठकीत एखादा राजापूरकर असला तर तो शेवटच्या फोटोपर्यंत गप्प बसतो. मग हळूच म्हणतो, "आमच्या वरच्या पेठेसारखं दिसतंय." कोणी लक्ष देत नाही. त्यालाही तेच हवं असतं. चुकून कोणी "चला, मग तुमची वरची पेठ बघू या," म्हणालं, तर सर्वांत आधी हाच म्हणणार, "तिथं काय मेलं बघायचं!"

रत्नागिरी जिल्ह्याचं पर्यटनविषयक धोरण या एका वाक्यात मावतं.

इटलीवाल्यांवर माझा राग नाही. त्यांच्या गावांमागे इतिहास आहे आणि तो सांगायची त्यांना हौस आहे. तोस्कानातलं सान जिमिन्यानो घ्या. तिथल्या श्रीमंत घराण्यांनी एकमेकांच्या नाकावर टिच्चून उंचच उंच दगडी मनोरे बांधले. एके काळी असे 72 होते म्हणतात, आता 14 उरलेत. 1990 मध्ये गाव जागतिक वारशात गेलं. म्हणजे ही मनोऱ्यांची चढाओढ सरळसरळ भाऊबंदकी. आपल्याकडे भाऊबंदकीत गडगा रात्रीतून हातभर सरकतो आणि पुढची तीस वर्षं दिवाणी दावा चालतो. त्यांनी गडगा आडवा सरकवण्याऐवजी उभा चढवला, म्हणून आज त्याला तिकीट लावता येतं.

दुसरं चिविता दी बान्योरेज्जो. अडीच हजार वर्षांपूर्वी एत्रुस्कन लोकांनी वसवलेलं, ठिसूळ ज्वालामुखी खडकाच्या सुळक्यावर टेकलेलं. कडे ढासळतायत, गाव कडेकडेने दरीत चाललंय, जायला एक पायपूल, कायम राहणारी माणसं दहा-बारा. 'मरत चाललेलं गाव' हीच त्याची जाहिरात. पुलावर पाऊल टाकण्याआधी 5 युरो मोजायचे. दहा-बारा माणसं उरलेली वाडी बघायला पैसे पडतात हे आमच्या तालुक्यात कळलं तर निम्म्या वाड्या उद्याच नाक्यावर पावतीपुस्तक घेऊन बसतील. वर सांगतील की आमच्याकडे पाचच माणसं आहेत, त्यातले दोघे एकमेकांशी बोलत नाहीत, तेव्हा दर थोडा जास्त पडेल.

आता राजापूर. अर्जुना आणि कोदवली या नद्या जिथे भेटतात तिथल्या खोलगट जागेत बाजारपेठ आणि भोवतीच्या डोंगरउतारांवर घरं. गाव खालून सुरू होतं आणि चढत राहतं. एकाच्या अंगणाची पातळी दुसऱ्याच्या कौलांची असते. चढायला जांभ्या दगडाच्या पाखाड्या. हा जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो. वारा लागला की कडक होतो. इथल्या माणसांचंही पुष्कळसं तसंच आहे, फक्त त्यांना वारा फार लहानपणी लागतो.

हे कौतुक मी एकटा करत नाही. 1880 च्या रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटियरात साहेबाने लिहून ठेवलंय की कोकणात सगळ्यांत जुनं दिसणारं आणि सगळ्यांत चांगलं टिकलेलं गाव हे. रस्ते अरुंद आणि चढाचे, बाजार फरसबंद आणि वर छप्पर घातलेले. ब्रिटिश अधिकारी नेटिवांच्या गावाबद्दल सहसा एवढं बरं बोलत नसत. पाणी कसं, रोग कुठले, महसूल किती, एवढ्यात ते आटपत. त्याच गॅझेटियरात असंही आहे की अरबांची गलबतं जिल्ह्यात थेट ज्या बंदरात येतात ते हे एकच. मात्र मोठं जहाज जुन्या धक्क्यापर्यंत येत नाही, तीन मैल अलीकडेच थांबतं. खाडी तेव्हाच गाळाने भरत आली होती. राजापूर समुद्रापासून बरंच आत, खाडीच्या पार शेवटाला. जैतापूरपाशी समुद्र सोडायचा आणि भरतीच्या पाण्यावर आत यायचं. एवढा आत येऊन व्यापार करणारा माणूस नक्कीच कशाच्या तरी मागे असणार.

तो मिऱ्यांच्या आणि कापडाच्या मागे होता. घाटावरून बैलांच्या पाठीवर माल उतरायचा आणि इथून गलबतात चढायचा. 1649 च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीच्या इंग्रजांनी इथे वखार घातली. पुढे फ्रेंचही आले. म्हणजे आज ज्या पेठेत परगावच्या माणसाला लोक "कोणाकडे आलात?" असं विचारतात, तिथे साडेतीनशे वर्षांपूर्वी इंग्रज, फ्रेंच, अरब असे सगळे एकाच वेळी नांदत होते. त्यांनाही हाच प्रश्न विचारला गेला असणार यात मला शंका नाही.

त्या इंग्रजांची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हेन्री रेव्हिंग्टन हा वखारीचा मुख्य. 1660 मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला होता आणि गडावर शिवाजी महाराज अडकले होते. रेव्हिंग्टनने जौहरला गोळे विकले. इथवर व्यापार. पण विकून गप्प बसेल तर तो कंपनीचा माणूस कसला! तो आपल्या सोबत्यांना घेऊन जातीने पन्हाळ्याला गेला आणि इंग्रजांचं निशाण लावून स्वतःच गडावर गोळे टाकत बसला. आफ्टर सेल्स सर्व्हिस म्हणतात ती हिंदुस्थानात पहिल्यांदा देणारा माणूस हाच असावा.

महाराज वेढ्यातून निसटले हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. गोळे टाकणारं ते निशाण मात्र त्यांच्या ध्यानात राहिलं. 1661 च्या मार्चमध्ये मराठी फौज राजापुरात उतरली. वखार लुटली गेली, पैका पुरलेला असेल म्हणून जमीन खणून काढली, आणि रेव्हिंग्टनसह इंग्रज कैद होऊन गडांवर गेले. तिथून त्यांनी सुरतेला, म्हणजे हेड ऑफिसला, पत्रांमागून पत्रं पाठवली की आम्हाला सोडवा. सुरतेचं उत्तर कंपनीच्या दप्तरात आहे. त्याचा मथितार्थ असा की तुम्ही कैदेत का पडलात हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. कंपनीचा माल सांभाळताना नव्हे, तर आपलं निशाण फडकावून पन्हाळ्यावर गोळे फेकायला गेलात म्हणून. ज्याने ज्याने आयुष्यात हेड ऑफिसकडे कधी दाद मागितली आहे त्याने हे उत्तर चौकट करून भिंतीला लावावं. उरलेले कैदी सुटले ते 1663 मध्ये.

पुढे कंपनीने काय केलं? बिल लावलं. राजापूरच्या नुकसानीचं. आणि ते तेरा वर्षं लावून धरलं. 1674 मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडन रायगडावर नजराणा घेऊन आला. सारा हिंदुस्थान ज्या सोहळ्याकडे डोळे लावून होता तो त्याने पाहिला, टिपला, आणि त्याच फेरीत राजापूरच्या भरपाईचंही उरकून घेतलं. 10,000 होन कबूल झाले. तेही रोख मोजून नव्हे. बराचसा हिशेब माल आणि जकात यांतून वळता करायचा ठरला. गोळे टाकायला स्वतः जायचं, मार खायचा, आणि वर माराची भरपाई मागायची, ही चिकाटी बघितली की पुढे त्यांनी देश कसा घेतला हे वेगळं शिकावं लागत नाही. आणि कर्ज फेडताना एक रोकडा न देण्याची आपली युक्ती बघितली की, आपणही काही कमी नव्हतो, एवढं समाधान मिळतं.

गॅझेटियरच्या वेळी इंग्रजांच्या त्या भक्कम दगडी वखारीत सरकारी कचेरी भरत होती. फ्रेंचांची म्हणून ओळखली जाणारी तेवढीच मोठी इमारत तेव्हाच पडीक होती. इटलीत एवढ्या भांडवलावर एक संग्रहालय, दोन कॉफीची दुकानं आणि मध्ययुगीन पोशाखातला एक भाडोत्री रेव्हिंग्टन उभा राहिला असता. आपल्याकडे पेठेत कोणाला "इंग्रजांची वखार कुठे हो?" म्हणून विचारा. तो आधी तुम्हाला खालपासून वरपर्यंत बघतो, मग आवाज खाली आणून विचारतो, "कशाला? जागेचं काही आहे का?"

कारण जागा हा आमच्याकडे इतिहासाहून गंभीर विषय. इथे पुन्हा इटलीकडे वळावं लागतं. तिकडच्या ओस पडत चाललेल्या गावांनी एक शक्कल काढली आहे. सिसिलीतल्या साम्बुकाने 2019 मध्ये रिकामी घरं 1 युरोपासून बोली लावून विकायला काढली. मुस्सोमेलीतही तोच प्रकार. साम्बुकाची अट एवढीच होती की तीन वर्षांत डागडुजी करा आणि 5,000 युरो अनामत ठेवा. जगभरातून गिऱ्हाइकं धावली. ही बातमी वाचून आमच्याकडचे काही उत्साही लोक लगेच म्हणाले, कोकणातही बंद घरं हजारो आहेत, आपणही ही योजना आणावी.

आणा ना. राजापूर तालुक्यातल्या कुठल्याही वाडीतलं एक बंद घर घ्या. कौलं खाली आलेली, ओटीवर भटकी कुत्री, माजघरात पिंपळ. सातबारा काढा. पहिलं नाव पणजोबांचं, ते जाऊन ऐंशी वर्षं झाली, पण फेरफाराला कोणी गेलेलं नाही. त्यांच्याखाली वारस. एक शाखा गिरगावात, तिथून डोंबिवलीत, तिथून विरारला. एक आत्या इंदुरात दिलेली. एक नातू न्यू जर्सीत. तो मुखत्यारपत्र द्यायला तयार आहे, पण ज्याच्या नावे द्यायचं त्याच्याशी त्याचं 1994 च्या गणपतीत वाजलंय. एका चुलत्याने बेपत्ता होऊन सगळ्यांची पंचाईत केलेली, कारण बेपत्ता माणूस सहीही करत नाही आणि मरतही नाही. आणि मागच्या पडवीत एक म्हातारे काका राहतात. त्यांचं उताऱ्यावर नावच नाही, फक्त वहिवाट आहे. पण सगळी चावी, सगळे फणस आणि सगळ्यांची भांडणं त्यांच्यापाशी.

एक युरोत घर? त्या एका युरोचे चव्वेचाळीस हिस्से कसे करायचे यावर पहिली बैठक मोडेल. दुसरी बैठक भरणार नाही, कारण पहिलीत कोणी कोणाला चहा विचारला नाही हा मुद्दा तोवर मोठा झालेला असेल. मग कोणीतरी शहाणा म्हणेल, "राहू दे हो, वाडवडिलांची वास्तू आहे, विकायची नाही." या वाक्यावर मात्र चव्वेचाळीस जणांचं चटकन एकमत होतं, आणि वास्तू निश्चिंतपणे पडत राहते. इटलीतली गावं माणसांच्या अभावी ओस पडतात. आमची घरं मालक जास्त झाल्यामुळे पडतात. हा फरक कुठल्याच अहवालात मी वाचलेला नाही, म्हणून इथे नोंदवतो.

राजापूरची प्रसिद्धी मात्र वखारीने झाली नाही, गंगेने झाली. गावाबाहेर उन्हाळे गावच्या टेकाडावर चौदा कुंडं आहेत. एरवी ती कोरडी. साधारण तीन वर्षांनी एके दिवशी अचानक कुंडं भरून वाहू लागतात, दोनतीन महिने वाहतात आणि जशी आली तशी जातात. जवळच खाली गरम पाण्याचा झरा बारमाही चालू. कथा अशी की गंगाजी साळुंखे नावाच्या शेतकऱ्याला म्हातारपणामुळे तीर्थयात्रा झेपेना, तेव्हा गंगाच त्याच्या शेतात आली. भूगर्भवाले सांगतात की जमिनीखालच्या पोकळीत पाणी साठत जातं, ठरावीक पातळी गाठली की वक्रनलिकेच्या तत्त्वाने एकदम बाहेर पडतं, पोकळी रिकामी झाली की थांबतं. दोन्ही खुलाशांत मला विरोध दिसत नाही. चालवत नाही त्याच्या दारात येणारी देवता आणि भरेपर्यंत हूं की चूं न करता एक दिवस भडाभडा ओतणारी पोकळी, दोन्ही अस्सल कोकणी.

आता इटलीचं बघा. रोममधलं ट्रेव्हीचं कारंजं. रोज, बारा महिने, पर्यटक आला की पाणी हजर. पाठ करून नाणं टाकलं की पुन्हा रोमला येणं होतं म्हणतात. यात गिऱ्हाइकाची सोय आहे, पण पाण्याचा स्वाभिमान कुठे आहे? राजापूरच्या गंगेला तुम्ही रजा काढली आहे, गाडी बुक केली आहे, सासूबाईंना नवी नऊवारी घेतली आहे, यातल्या कशाशी कर्तव्य नाही. अलीकडे तर तिचं तीन वर्षांचं वेळापत्रकही राहिलेलं नाही. कधी वर्षाच्या आत येते, कधी ठरल्याहून जास्त थांबते. 2020 च्या टाळेबंदीत सगळे घरात कोंडलेले असताना ती आली. ई-पास न काढता जिल्ह्यात आलेली त्या काळातली ती एकटीच. भाविकांना बंदी होती, त्यामुळे तिला निवांत वाहता आलं.

राजापूरजवळच्या धोपेश्वरचं धूतपापेश्वराचं देऊळ लोकांना देवापेक्षा औषधाच्या बाटलीमुळे जास्त ठाऊक आहे. 1872 मध्ये पनवेलला पुराणिकांनी आयुर्वेदिक औषधांचा कारखाना काढला त्याला याच देवाचं नाव. पावसाळ्यात देवळाशेजारी मृडानी नदीचा धबधबा असा काही कोसळतो की गाभाऱ्यात मागितलेलं मागणं आपल्यालाही ऐकू येत नाही. देवाला येत असावं.

पावसाळ्यावरून आठवलं. व्हेनिसच्या चौकात भरतीचं पाणी आलं की जगभर बातमी होते, लाकडी फळ्यांच्या वाटा टाकतात, पर्यटक रबरी बूट घालून फोटो काढतात. 2024 पासून ठरावीक दिवशी नुसतं शहरात शिरायचेही पैसे. आमच्या जवाहर चौकात अर्जुना-कोदवलीचं पाणी दर पावसाळ्यात येतं, चढतं, उतरतं. व्यापारी आभाळ बघून माल माडीवर चढवतात, पाणी ओसरलं की चिखल काढतात, आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडून गिऱ्हाइकाला म्हणतात, "काय हवं?" पाण्याबद्दल गिऱ्हाईक काही विचारत नाही. त्याच्याही घरात आलेलं असतं.

आणि मध्ययुगावर थांबायचंही कारण नाही. राजापूर तालुक्यातल्याच बारसूच्या सड्यावर जा. उघड्या कातळात हजारो वर्षांपूर्वी कोरलेली चित्रं आहेत. एकात मधे माणूस आणि दोन्ही बाजूंना वाघ. कोकणातली ही कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्यावरून गुरं चरायला जात होती आणि गुराख्यांना ती ठाऊकही होती. त्यांनी कोणाला सांगितलं नाही, कारण कोणी विचारलं नाही.

हल्ली विचारणारे यायला लागलेत, तेव्हा जरा धास्तीही वाटते. आपल्याकडे गावाचा पर्यटन विकास म्हणजे आधी एक सिमेंटची कमान, मग दोन बाजूंना रंगवलेले मावळे, आणि मग शतकं टिकलेल्या पाखाडीवर पेव्हर ब्लॉक. कोकणातल्या कितीतरी वाड्यांतल्या जांभ्याच्या पायऱ्या अशाच सिमेंटखाली गेल्या. पावसाळ्यात त्यावरून घसरणाऱ्याला आपण विकासावरून घसरतोय हे समजतही नाही. इटलीकडून तिकीट लावायची युक्ती नाही घेतली तरी चालेल. दगडाला हात न लावण्याची तेवढी घ्यावी.

जायचंच असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. रेल्वेने गेलात तर स्टेशनचं नाव राजापूर रोड आहे हे विसरू नका. त्यातला रोड भरपूर आहे आणि तो तुम्हालाच कापायचा आहे. तळाला चांगली पकड असलेल्या चपला घाला, गंगा आली आहे का ते निघण्याआधी कोणा ओळखीच्याला विचारा, पेठेतून एक राजापुरी पंचा घ्या. कोणी "कोणाकडे आलात?" विचारलं तर कोणाचं तरी नाव सांगा, नुसतं गाव बघायला आलो म्हणालात तर विश्वास बसणार नाही. प्रवेशशुल्क कुठेच नाही. गाडी लावायला जागाही नाही.